तळ्याची पाळ

ऊन उतरले की उन्हाळ्यात गावातील माणसे फिरावयास निघतात. ज्या गावाला तळे आहे तेथे पावले आपोआप तळ्याकडे वळतात. पाणी पार तळाला गेलेले असते, भेगाळलेला गाळ उघडा पडलेला असतो, तरी वाऱ्याची झुळूक येते ती त्याच बाजूने. पाळीवर बसावे, मुलांनी उतारावरून घसरगुंडी करावी, म्हाताऱ्यांनी मागल्या दुष्काळाच्या गोष्टी सांगाव्यात, आणि अंधार पडल्यावर उठावे. आपण ज्यावर बसलो होतो ती टेकडी नव्हती, कोणीतरी टोपल्या-टोपल्यांनी आणून टाकलेली आणि चोपून बसविलेली माती होती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी येत नाही. पाळीवर गवत उगवते, बाभळी वाढतात, गुरांच्या पायवाटा पडतात आणि माणसाने केलेली वस्तू निसर्गाची वाटू लागते. आज आम्ही या पाळीविषयी बोलणार आहोत. विषय इतिहासाचा आहे, पण तो आपल्या दारापर्यंत येतो, हे पुढे दिसेलच.

दूर जाण्याआधी घरचे उदाहरण घेऊ. कंधार आपल्याच जिल्ह्यातले. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे विद्वान मानतात. त्या घराण्यातील तिसरा कृष्ण इ. स. ९३९ ते ९६७ या काळात राज्य करीत होता. कंधारच्या वैभवाचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. कंधारला सापडलेल्या त्या काळच्या शिलालेखात देवळांची व दानधर्माची हकीकत आहे, आणि तीतच ‘जगत्तुंगसमुद्र’ हे नाव आहे. आजही कंधारचे लोक तळ्याला जगत्तुंग समुद्रच म्हणतात. जगत्तुंग हे बिरुद तिसऱ्या गोविंदाचे, म्हणजे कृष्णाच्या दीडशे वर्षे आधीच्या राजाचे. पुढे दुसऱ्या कृष्णाच्या मुलाचेही नाव तेच होते. नावावरून बांधणारा ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. तळ्याला ‘समुद्र’ म्हणण्याची हौस ज्या राज्यात होती, त्या राज्याचे सिंहासन गेले, राजधानी मान्यखेट ओस पडली, पण तळ्याचे नाव हजार वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. राजाची कीर्ती देवळापेक्षा तळ्याने अधिक टिकविली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र नाव आपोआप टिकते, पाणी तसे टिकत नाही.

पाळ कशी जाते आणि गेल्यावर काय होते, याची आपल्या देशातील सर्वांत जुनी लेखी हकीकत गिरनारच्या पायथ्याशी जुनागडला आहे. तेथल्या एका मोठ्या शिळेवर तीन राजांचे लेख आहेत. अशोकाचे धर्मलेख सर्वांना ठाऊक असतात. त्याच शिळेवर शक क्षत्रप रुद्रदामन् याचा व गुप्त सम्राट स्कंदगुप्त याचा असे आणखी दोन लेख आहेत, आणि या दोहोंचा विषय एका तळ्याची फुटलेली पाळ हा आहे. तळ्याचे नाव सुदर्शन. चंद्रगुप्त मौर्याचा राष्ट्रीय, म्हणजे प्रांताधिकारी, पुष्यगुप्त याने ते बांधविले. अशोकाच्या वेळी तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्याने त्याला पाट काढून ते पुरे केले. नंतर सुमारे चारशे वर्षे ते नांदले.

शके ७२ च्या मार्गशीर्षात, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, प्रचंड वादळी पाऊस झाला. सुवर्णसिकता, पलाशिनी या नद्यांना पूर आले. उपाय केले गेले होते, असे लेख सांगतो, पण पाण्याने पाळ फोडली. खिंडार चारशे वीस हात लांब, तितकेच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल पडले. पाणी सारे वाहून गेले. सुदर्शन होते ते ‘दुर्दर्शन’ झाले, अशी शब्दांची कोटी त्या गंभीर लेखातही कोरणाऱ्यास सुचली आहे. यापुढचा भाग आम्हांस फार मनोरंजक वाटतो. राजाच्या मंत्र्यांनी, सल्लागारांनी आणि कामे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी, खिंडार फार मोठे आहे म्हणून हात टेकले आणि कामाला विरोध केला. ही माणसे नालायक होती असे नव्हे. ती सर्व गुणांनी युक्त होती, असे लेखच म्हणतो. पाळ पुन्हा बांधली जाणार नाही या निराशेने प्रजेत हाहाकार उडाला. अखेर सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने काम अंगावर घेतले व पहिल्याहून तिप्पट भक्कम पाळ उभी केली. कर, वेठ वा नजराणा यांचा भार प्रजेवर न टाकता स्वतःच्या कोशातून खर्च केला, हे राजाने अभिमानाने नमूद केले आहे.

त्यानंतर तीनशे वर्षांनी तीच पाळ पुन्हा फुटली. गुप्त संवत १३६ च्या भाद्रपदात, रात्रीच्या वेळी. म्हणजे इ. स. ४५५ किंवा ४५६. त्या वेळी पर्णदत्त हा सौराष्ट्राचा अधिकारी होता. त्याचा मुलगा चक्रपालित याने पुढल्या वर्षी दोन महिन्यांत ती बांधून काढली. त्यानंतर सुदर्शनाची हकीकत कोणी कोरून ठेवली नाही. आज तेथे तळे नाही, आणि ते नेमके कोठे होते यावर पंडितांचा वाद चालतो.

एका पाळीचे हे सातशे-आठशे वर्षांचे चरित्र वाचल्यावर एक गोष्ट मनात ठसते. बांधणाऱ्याचे नाव दर वेळी निराळे आहे. मौर्य, यवन, पह्लव, गुप्त अशा किती तरी हातांनी ती पाळ राखली. ज्या पिढीत राखणारा निघाला नाही, त्या पिढीत ती गेली.

हे शास्त्र आपल्या पूर्वजांस ठाऊक होते काय, असा प्रश्न कोणी विचारील. ठाऊक होते, आणि पुस्तकी नव्हे तर हातचे. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त तळ्याविषयी थोडेच लिहिले आहे, पण ते नेमके आहे. पूर्व-पश्चिम पसरलेली पाळ पाणी दीर्घकाळ धरते, दक्षिणोत्तर पाळ वाऱ्याने उठणाऱ्या लाटांनी बहुधा खचते, तशी करावयाचीच असेल तर ती लाकडाने अथवा दगडाने बांधून काढावी आणि माती हत्ती-घोडे तुडवून घट्ट करावी, असे तो सांगतो. आजचे अभियंते पाण्याकडच्या उताराला दगडी पिचिंग करतात आणि थरावर थर टाकून रूळ फिरवितात. हत्तीची जागा रुळाने घेतली, एवढाच फरक. काठावर झाडे लावावीत असेही त्याने म्हटले आहे. तेवढे मात्र आज पाळीच्या अंगावर लागू करू नये. झाड जिवंत असेतो मुळे माती धरतात, पण ते मेले की मुळे कुजतात आणि जमिनीत आरपार नळ्या राहतात. काठ निराळा आणि पाळ निराळी.

दुसरा लेख आंध्रातील पोरुमामिळ्ळ येथला, शके १२९१ म्हणजे इ. स. १३६९ चा. विजयनगरच्या पहिल्या बुक्काचा पुत्र भास्कर याने तेथे मोठे तळे बांधविले. हजार मजूर आणि शंभर गाड्या दोन वर्षे खपत होत्या. या लेखात चांगल्या तळ्याची बारा अंगे आणि तळ्याचे सहा दोष दिले आहेत. सहा दोषांपैकी एक दोन राज्यांच्या सीमेवर तळे असणे हा आहे, आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांस तो वाचून हसू येईल. पाणी फार आणि जागा थोडी, हाही एक दोष सांगितला आहे. पण यादीतला पहिलाच दोष पाळीतून पाणी झिरपणे हा आहे.

आता पाळ उभी कशी राहते ते थोडे पाहू. येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. तळे कितीही दूरवर पसरलेले असो, पाळीवर पडणारा दाब त्या पसाऱ्यावर अवलंबून नसतो. तो पाणी किती खोल आहे त्यावर असतो. म्हणून ‘एवढेसे तळे, त्याचे काय भय’ हे बोलणे अर्धेच खरे आहे. लहान तळे फुटले तर पाणी थोडे येईल हे खरे, पण त्याची पाळ मोठ्या तळ्याच्या पाळीपेक्षा निर्धास्त असते असे नाही. उलट मोठ्या धरणावर अभियंता असतो, चौकीदार असतो, नोंदवही असते. लहान पाळीवर शेळ्या असतात.

आपल्या भागातील पाळीच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो आणि त्यावर दोन्ही अंगांनी मुरमाचे कवच चढविलेले असते. काळी माती पाणी अडविते, मुरूम तिला वजन व आधार देतो. गाभ्याखाली खडक लागेतो खंदक खणून तोही त्याच मातीने भरतात, म्हणजे पाणी बुडातून वाट काढीत नाही. पाण्याकडील बाजूला दगडी पिचिंग, कोरड्या बाजूला गवत, आणि एका टोकाला सांडवा. काळ्या मातीचा स्वभाव आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात ज्या भेगेत हात जातो ती भेग पाळीच्या माथ्यावर पडली तर? पाळीच्या लांबीच्या दिशेने गेलेली भेग वाईट, पण आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे गेलेली, फारच वाईट. पहिल्या पुराच्या पाण्याला ती तयार वाट सापडते.

मातीची पाळ मुख्यतः दोन प्रकारे मरते. एक, पाणी तिच्या डोक्यावरून गेले म्हणजे. दगडी बांधावरून पाणी गेले तर तो पुष्कळदा सोसतो. मातीचा बांध सोसत नाही. कोरड्या उतारावरची माती पाणी ओरबाडते, ओघळाची घळ होते, आणि काही तासांत घळीचे खिंडार होते. सांडवा याचसाठी असतो. सांडवा ही तळ्याची उधळपट्टी नव्हे, ती पाळीची श्वासनलिका आहे. दुसरा प्रकार गुप्त आहे. पाणी पोटातून सूक्ष्म वाट काढते, वाटेत मातीचे कण बरोबर नेते, वाट रुंदावते, आणि आतून नळी पडते. बाहेरून पाळ जशीच्या तशी दिसते. पायथ्याशी थोडा पाझर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मातीची पाळ थोडी पाझरतेच. पाझर स्वच्छ असेतो ठीक. तो गढूळ झाला किंवा पाण्याची पातळी तीच असून पाझर वाढू लागला, म्हणजे पाळ आतून वाहून जाऊ लागली असे समजावे. खेकड्याचे बीळ, घुशीचे बीळ, कुजलेले मूळ, मोरीच्या भिंतीलगत नीट न चोपलेली माती, यांपैकी कोठूनही आरंभ होतो.

आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, म्हणून पुढील हकीकत आपल्याही इतिहासाचा भाग आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर येऊन हैदराबाद शहराची वाताहत झाली. हजारो माणसे दगावली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेवर चढून शेकडो लोक वाचले, ती चिंच अजून दाखवितात. निजाम सरकारने पुढल्या वर्षी मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांस बोलाविले. त्यांनी शोध केला तेव्हा दिसले की, शहराच्या वरच्या पाणलोटात ७८८ तळी होती, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक, आणि त्यांपैकी २२१ फुटली होती. पाऊस भयंकर होता यात शंकाच नाही. पण त्या पावसात तळ्यांचे पाणी मिळाले. वरचे तळे फुटले की त्याचा लोंढा खालच्या तळ्यात येतो, खालच्या सांडव्याला तो झेपत नाही, मग तेही फुटते आणि त्याच्या खालचेही. विश्वेश्वरय्यांच्या शिफारशीप्रमाणे पुढे दोन मोठे जलाशय झाले, १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर. हैदराबादला गेलेला आपला माणूस या तळ्यांवर सहलीस जातो. ती पुरातून जन्मली, हे त्यास कोणी सांगत नाही.

हैदराबादचाच हुसेनसागर त्याहून किती तरी जुना, इब्राहीम कुतुबशहाच्या वेळचा, १५६२ च्या सुमाराचा. त्याची पाळ आता टँक बंड या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यावरून हमरस्ता जातो, कठड्यावर पुतळे आहेत, १९९२ मध्ये तळ्याच्या मधोमध बुद्धाची मूर्ती उभी राहिली. संध्याकाळी तेथे जत्रा भरते. ‘बंड’ म्हणजे बांध, पण तेथे आइस्क्रीम खाणाऱ्या किती जणांस आपण धरणावर उभे आहोत याची जाणीव असेल? करमणुकीची जागा झाली की पाळ सजते, आणि सजली की ती पाळ आहे याचा विसर पडतो. याचा सर्वांत भीषण दाखला मात्र आपल्या देशातला नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन नावाचे पोलाद कारखान्यांचे गाव आहे. त्याच्या वर सुमारे चौदा मैलांवर डोंगरात साउथ फोर्क येथे सरकारने कालव्याला पाणी पुरविण्यासाठी मातीचे धरण बांधले होते. उंची बहात्तर फूट. ते १८५३ मध्ये पुरे होते न होते तोच आगगाड्या आल्या व कालवे निरुपयोगी झाले. धरण विकले गेले, पुन्हा विकले गेले. मधल्या एका मालकाने धरणाच्या तळाशी असलेले बिडाचे पाच नळ काढून मोडीत विकले. हे नळ म्हणजे तळे रिकामे करण्याची एकमेव सोय. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनाढ्यांनी तेथे मासेमारी व शिकारीचा क्लब काढला. पोलादसम्राट कार्नेगी त्याचे सभासद होते. त्यांनी मोडकी पाळ डागडुजी करून तळे पुन्हा भरले. नळ पुन्हा बसविले नाहीत. पाळीवरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा खाली उतरविला. तळ्यात आणून सोडलेले महाग मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसविल्या. पाळीचा मध्यभाग थोडा खचलेला होता, तो तसाच राहिला.

१८८० मध्ये जॉन्सटाउनच्या पोलाद कंपनीने आपला माणूस पाठवून पाळ तपासविली. त्याने दोन दोष दाखविले. तळे रिकामे करण्याची सोय नाही, आणि पाळीतून मोठा पाझर आहे. क्लबच्या अध्यक्षांनी तुम्हांस आमच्यापासून काही भय नाही, असे उलट कळविले. ३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला. जाळ्यांत काटक्याकुटक्या व पालापाचोळा अडकला आणि सांडवा तुंबला. जाळ्या काढण्याची धडपड झाली, पण वेळ गेली होती. पाणी पाळीच्या खचलेल्या मध्यभागावरून वाहू लागले. दुपारी पाळ गेली. त्या दिवशी २,२०९ माणसे मेली. क्लबवर खटले झाले, कोणास दमडी मिळाली नाही.

आम्ही ही हकीकत इतकी विस्ताराने सांगितली याचे कारण आहे. जॉन्सटाउनला कोणी दुष्ट नव्हते. एकाने मोड विकली, एकास गाडी सुखाने न्यावयाची होती, एकास मासे राखावयाचे होते. आता आपल्या तळ्यांकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात लाखो माणसांनी खडी फोडली, तशीच पाझर तलावांची माती वाहिली. त्यानंतर रोजगार हमीतून आणखी तलाव झाले. आज गावोगाव जी लहान तळी दिसतात त्यांतील पुष्कळ त्या घामाची आहेत. पाझर तलावाला बहुधा मोरी ठेवलेली नसते, कारण त्याने पाणी जमिनीत मुरवावयाचे असते, पाटाला द्यावयाचे नसते. हेतू योग्य होता. पण याचा अर्थ असा की, पाळ संकटात आली तर तळे रिते करण्याची वाट तेथे नाही. जॉन्सटाउनचे नळ विकले गेले. आपल्याकडे ते मुळातच नाहीत. अशा तळ्याचा सारा भरवसा सांडव्यावर. आणि सांडव्याचे काय होते? कोठे मासे राखण्यासाठी जाळी लागते. कोठे दोन फूट पाणी अधिक थांबावे म्हणून तोंडावर दगड-मातीचा बंधारा घातला जातो, आणि ते काम सद्हेतूने केले जाते म्हणून त्यास कोणी नावही ठेवीत नाही. कोठे सांडव्याच्या पुढच्या नाल्यात पीक उभे असते.

भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेली शेकडो मालगुजारी तळी आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ती जावयास हवीच होती. पण तळी सरकारजमा झाली तेव्हा पाळीची दर वर्षी डागडुजी करणारा मालगुजारही गेला आणि त्याच्या जागी जो आला तो एक खाते होता. आमचा जमीनदारीचा कैवार नाही. आपल्याकडे शंभर हेक्टरांपर्यंतची सिंचनाची कामे जिल्हा परिषदेकडे, त्यावरची जलसंधारण अथवा जलसंपदा खात्याकडे, मासे दुसऱ्याकडे, सभोवतालची बाग तिसऱ्याकडे. पाळीला भेग पडली तर कोणाचे दार ठोठवावयाचे, हे गावात चार माणसांस विचारून पाहावे.

महाराष्ट्राला पाळीचा धडा फार महागात मिळालेला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे नवे, अपुरे मातीचे धरण फुटले आणि खालचे खडकवासला त्याबरोबर गेले. पुणे बुडाले. तेथे बांधाखालच्या मोरीचे व दाराचे काम पुरे झालेले नव्हते, आणि पाळ खचली ती त्या मोरीवरच. जवानांनी रात्रभर मातीची पोती रचली. एवढ्या मोठ्या नावाच्या दुर्घटनेची आठवण राहते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले, पायथ्याची वाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचे सांगितले आणि राज्यभर त्यांची थट्टा झाली. आम्हांस ती थट्टा पूर्णपणे रास्त वाटत नाही. खेकडे पाळ पोखरतात हे शास्त्रास धरून आहे. पण खेकडे शतकानुशतके पोखरीतच आले आहेत, आणि म्हणूनच पाळीवर माणूस ठेवावा लागतो. खेकड्यावर खटला भरता येत नाही एवढेच.

तिवऱ्यानंतर दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी, नोंद राहावी, आणीबाणीची योजना तयार असावी, अशी त्यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे. परंतु तो लागू आहे पंधरा मीटरांहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांमधील ज्यांत लांबी, साठा इत्यादी काही अटी पुऱ्या होतात त्यांना. दहा मीटर म्हणजे सुमारे तेहतीस फूट. आपण संध्याकाळी ज्या पाळीवर बसतो ती बहुधा त्याच्या आतलीच असते. ज्या तळ्याखाली वस्ती नाही त्याला यामुळे फारसा धोका नाही. पण तळ्याकाठी बाग झाली, रस्ता झाला, दिवे लागले की पायथ्याला भूखंड पडतात, आणि पाळीची उंची तेवढीच राहून तिच्याखालची माणसे वाढतात. धोका पाळीच्या उंचीने मोजावा की खाली झोपणाऱ्या माणसांनी, हा प्रश्न आहे. आमचे मत दुसऱ्या पक्षाला आहे. २०२५ च्या ऑगस्टात शेजारच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, लेंडी धरणाच्या फुगवट्याचे पाणी हसनाळ, रावणगाव अशा गावांत शिरले व सैन्य बोलवावे लागले. ते पाळ फुटण्याचे प्रकरण नव्हे. पण आपल्या कोरड्या म्हणविणाऱ्या भागात एका रात्रीत किती पाणी पडू शकते, ते त्यावरून कळले. १९७२ च्या तळ्यांचे सांडवे त्या हिशेबाने काढलेले आहेत काय, हे मोजून पाहण्याजोगे आहे.

ही व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि पाळ पाहण्यास याहून चांगला काळ नाही. पाणी तळाला गेल्यामुळे एरवी बुडालेला आतला उतार उघडा असतो. पिचिंगचे दगड कोठे घसरले, लाटांनी कोठे कपार खाल्ली, ते दिसते. भेगा याच दिवसांत पूर्ण उघडतात. माथ्याच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाकडे नजर लावली तर मधला खचलेला भाग साध्या डोळ्यांस कळतो, आणि दोन बांबू व दोरी असली तर मोजताही येतो. याच दिवसांत जेसीबी लावून तळ्यातील गाळ काढून शेतात नेला जातो. काम उपयोगाचे आहे, आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. मात्र पाळीच्या आतल्या पायथ्याला लागून खोदणाऱ्यास थांबवावे, कारण तेथला चिकण थर हा गाळ नसून पाळीचे पांघरूण असते. बाकीचे पाळीपासून चांगले अंतर सोडून हवे तितके खोदावे.

पाळीवर बाकडी बसवावयाची असतील, दिव्याचे खांब रोवावयाचे असतील, तर ते खड्डे माथ्यात न पाडता पायथ्यापासून दूर पाडावेत. फरशी घातली की भेग दिसेनाशी होते, म्हणून मुरूम बरा. बाभूळ लहान असताना मुळासकट काढावी. मोठी झालेली तोडून बुंधा तसाच सोडू नये, मुळे काढून खड्डा थराथराने चोपून भरावा. सांडव्यासमोर काय उभे आहे ते पाहावे. आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर, जेव्हा कोणी फिरावयास जात नाही, तेव्हा एकाने छत्री घेऊन कोरड्या बाजूच्या पायथ्याने चालत जावे. पाझर दिसला तर काचेच्या पेल्यात धरावा, थोडा वेळ ठेवावा आणि तळाशी माती बसते की काय ते बघावे. बसली, तर त्याच दिवशी तहसील कचेरीत लेखी कळवावे, आणि पायथ्याला राहणाऱ्यांस त्याआधी सांगावे.